खडू कोणाच्या हातात?

यवतमाळ जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर असलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलं आहे: "गावात शिवार फेरी केली, नकाशा काढला, हंगामाचा तक्ता केला. आराखडा ग्रामसभेत मंजूर झाला. तरी सभेला तेच पंधरा-वीस लोक येतात. बाया आल्या तर मागे बसतात, बोलत नाहीत. काम निघालं की श्रमदानाला कोणी फिरकत नाही. आमची पद्धत चुकते का? याहून चांगली पद्धत कोणती?"

पद्धत चुकलेली दिसत नाही. तुम्ही जे केलं ते करायचंच असतं. चूक बहुतेक वेळा त्याच्या आधी होते, नाहीतर त्याच्या नंतर. आधी म्हणजे, गावात पाय ठेवण्यापूर्वीच "इथे बांध घालायचे" हे ठरलेलं असतं आणि गावाला फक्त जागा दाखवायची असते. नंतर म्हणजे, गावाने काढलेला नकाशा गुंडाळून आपण ऑफिसात नेतो आणि गावाकडे त्याची खूणही उरत नाही. वर्धा, यवतमाळ आणि मेळघाटाच्या पायथ्याची गावं मिळून मी पंचवीसेक वर्षं हे काम करते आहे. लोक येत नाहीत तेव्हा त्यांना समज नाही, असं मला एकदाही आढळलेलं नाही. त्यांनी विचार करूनच न यायचं ठरवलेलं असतं. ते कारण शोधा. तुमची खरी पाहणी तिथून सुरू होते.

एक गाव सांगते. काळ्या मातीचं, कापूस-सोयाबीनचं, दीडशे घरांचं. आम्ही मारुतीच्या पाराजवळ नकाशा काढायला बसलो. पुरुषांनी रांगोळीने रस्ता काढला, ग्रामपंचायत, शाळा, नाला, विहिरी, मोठ्या शेतकऱ्यांची वावरं. तासाभरात सुरेख नकाशा तयार झाला. नाल्यावर बांधाची जागा ठरली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. काम निघालं तेव्हा मजूर वस्तीतून एकही माणूस आला नाही. तीन आठवडे आम्ही "लोकांमध्ये जागृती नाही" असं अहवालात लिहीत राहिलो. मग एका संध्याकाळी मी त्या वस्तीत नुसती जाऊन बसले. तिथल्या बायांना म्हटलं, तुमचं गाव तुम्ही काढा. खडू त्यांच्या हातात दिला आणि मी मागे सरकले.

त्यांच्या नकाशात ग्रामपंचायत नव्हतीच. सगळ्यात ठळक रेघ होती पांदणीची, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेची. पुरुषांच्या नकाशात ती पांदण कुठेच नव्हती, कारण ते डांबरी रस्त्याने मोटरसायकलवर वावरात जातात. निंदणाला जाणाऱ्या बाया जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पांदणीने गुडघाभर चिखलातून जातात, डोक्यावर डबा आणि कडेवर लेकरू घेऊन. एका म्हातारीने बांधाच्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, तुमच्या बांधाचं पाणी मागं आमच्या पांदनीत चढते. मंग आम्ही वावरात जाऊ कुठून?"

तिचं बरोबर होतं. पाणी कुठवर तुंबेल याचा हिशेब आमच्या इंजिनिअरने केला होता, पण त्या पट्ट्यात वाट आहे हे त्याच्या कागदावर नव्हतं. बांध दोनशे फूट खाली सरकवला आणि आराखड्यात पांदण पहिल्या क्रमांकावर आली. त्यानंतर माणसं आली. सांगायचं हे की पद्धत दोन्ही वेळा एकच होती, तोच जमिनीवरचा नकाशा. बदललं एवढंच, की कोणाला बसवलं, कुठे बसवलं आणि खडू कोणाच्या हातात होता.

या सगळ्या साधनांचा उगम पाहिला तरी हेच दिसतं. ब्रिटिश विकास-अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस भारत आणि केनियातल्या गावांमधून सहभागी ग्रामीण समीक्षेची, म्हणजे गावाने स्वतःच आपली पाहणी करण्याची, ही रीत पुढे आणली. त्यांचा मुख्य आग्रह नकाशावर नव्हता. बाहेरून आलेल्याने नकाशा आखायची काठी खाली ठेवावी, गावकऱ्याच्या हातात द्यावी आणि स्वतः शिकणाऱ्याच्या जागी बसावं, यावर होता. पुढे योजनांनी साधनं उचलली. पाच तक्ते, तीन फोटो, सह्यांचा कागद. काठी मात्र फार ठिकाणी हातातून सुटली नाही.

आता तुमच्या गावात काय करता येईल ते सांगते.

पहिली गोष्ट जागेची. मारुतीच्या सभामंडपात किंवा पारावर सभा ठेवली की निम्मं गाव आपोआप कमी होतं. पाळी असलेली बाई येत नाही. सुना सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहतात. बौद्ध वस्तीतली माणसं आली तरी कडेला उभी राहतात, आणि पारधी बेडा किंवा मेंढपाळांचा तांडा गावाबाहेर असेल तर त्यांना निरोपही गेलेला नसतो. म्हणून मुख्य सभेआधी प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक टोल्यावर, म्हणजे गावापासून सुट्या वस्तीवर, वेगळी बैठक घ्या: एक विहाराच्या आवारात, एक शाळेत, एक टोल्यावरच्या झाडाखाली. प्रत्येक बैठकीत तोच प्रश्न विचारा आणि उत्तरं वेगळी का येतात ते नीट ऐका. मोठ्या सभेत बायांना "बोला, बोला" म्हणून उभं करू नका. भरसभेत एकटीने बोलण्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. तिचं म्हणणं आधीच्या बैठकीत ठरलेलं असेल आणि पाच जणी मिळून ते मांडणार असतील, तर ती बोलते.

यात तुम्हाला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती कागदावर होते: अंगणवाडीत पाच-सहा सह्या, संपलं. ती खरी करा. ग्रामपंचायतीच्या सचिवांना आठ दिवस आधी भेटा, तारीख घ्या, बचत गटांच्या बैठकीत सांगा. महिला सभेत जे ठरेल ते ठराव म्हणून लिहून घ्या, म्हणजे ग्रामसभेत ते वाचून दाखवता येईल. वाचलेला ठराव खोडून काढणं सरपंचाला अवघड जातं. तोंडी मागणी विसरणं फार सोपं असतं.

ग्रामसभेची गणपूर्ती हीसुद्धा पाहण्याची गोष्ट आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. तुमचा आराखडा कोणत्या सभेत मंजूर झाला ते इतिवृत्तात बघा. तो तहकूब सभेत मंजूर झाला असेल तर "गावाने मंजूर केला" असं समजू नका. तेच पंधरा-वीस लोक होते. तुमचा भाग पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याखाली, येत असेल तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती या जिल्ह्यांतले काही भाग त्यात आहेत. १९९६च्या त्या कायद्यामुळे पाडा किंवा टोला स्वतःची ग्रामसभा मागू शकतो आणि पन्नास घरांच्या टोल्याची सभा सातशे घरांच्या सभेपेक्षा कितीतरी खरी असते.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे ती बहुतेकदा योजनेच्या कॅलेंडरवर ठरते, शेताच्या नाही. मार्चअखेर पैसा खर्च करायचा म्हणून फेब्रुवारीत घाईने बैठका. त्याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. मेळघाटातले कोरकू मजूर दिवाळीनंतर खाली सपाटीवर उतरतात ते होळीला गावी परततात. कोरकू गावात खरी बैठक घ्यायची तर होळीच्या दिवसांत घ्या, अख्खं गाव घरी असतं. मे महिन्यात जंगलाच्या गावात तेंदूपत्ता असतो, पहाटे चारला घर सुटतं. कापसाच्या पट्ट्यात वेचणी सुरू असताना दिवसा कोणी भेटत नाही. रात्री आठनंतर भेटतात. आणि धानाच्या पट्ट्यात रोवणी चालू असताना सभा ठेवणं म्हणजे लोकांनी येऊ नये अशी सोय करणं.

हंगामाचा तक्ता तुम्ही केला असं लिहिलं आहे. तो कोणाचा केला? शेतकऱ्याचा की शेतमजुराचा? एकाच गावात हे दोन तक्ते वेगवेगळे निघतात. चिंचोके घ्या. बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. ज्या महिन्यात काम जास्त तिथे जास्त चिंचोके ठेवायला सांगा, मग उधारीसाठी तूर, आजारासाठी सरकी. बाया ठेवू लागल्या की एक एक दाणा काढतात, ठेवतात, एकमेकींशी वाद घालतात. तो वाद लिहून घ्या, तक्त्यापेक्षा त्यात जास्त असतं. आमच्या एका गावात शेतकऱ्यांच्या तक्त्यात उधारीचा ढीग जूनमध्ये होता, बियाण्या-खताचा. मजूर बायांच्या तक्त्यात तो फेब्रुवारीपासून सुरू होत होता, कारण वेचणी संपली की हाताला काम नाही. आम्ही पाणलोटाचं काम मेमध्ये काढणार होतो. ते फेब्रुवारीत काढलं, रोजगार हमीतून काढलं, आणि मजूर मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

इथेच श्रमदानाचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ मला तिथे दिसते. ज्याचं वावर नाही त्या माणसाने दुसऱ्याच्या वावरातली विहीर भरावी म्हणून फुकट खणावं, अशी अपेक्षा आपण करतो आणि त्याला सहभाग म्हणतो. तो आला नाही की त्याला गावाची कळकळ नाही म्हणतो. भूमिहीन माणसासाठी एक दिवसाचं श्रमदान म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणं. दहा एकरवाल्यासाठी तो सकाळचा व्यायाम असतो आणि फोटो निघतो. म्हणून काम सुरू होण्याआधी सभेत उघडपणे विचारा: पाणी वाढलं तर कोणाचं वाढेल? त्याबदल्यात भूमिहीनांना काय? गायरानावर वाढलेल्या गवताची कापणी त्यांना मिळेल का? तळ्यातल्या मासोळीवर हक्क कोणाचा? मजुरीचं काम आधी त्यांना मिळेल का? या प्रश्नांवर सभेत भांडण झालं तर घाबरू नका. हे भांडण कामाआधी झालेलं बरं, कामानंतर झालं की बांध फोडला जातो. श्रमदान हवंच असेल तर ते ज्याला फायदा त्याच्याकडून, फायद्याच्या प्रमाणात मागा. मजुरांना मजुरी द्या.

शिवार फेरीला कोणाला सोबत घेता? सरपंच आणि दोन प्रगतिशील शेतकरी घेतले तर तुम्हाला त्यांची वावरं दिसतील. गुराखी घ्या. वर्षभर ढोरांमागे फिरल्यामुळे उन्हाळ्यात कुठल्या डोहात शेवटपर्यंत पाणी टिकतं आणि कुठली टेकडी पहिल्या पावसात वाहून जाते, हे त्याला माहीत असतं. मोहफुलं वेचणारी बाई घ्या. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका गावात आमच्या आराखड्यात विहीर पुनर्भरण होतं. गुराख्याने एका वावरातल्या जुन्या विहिरीचं पाणी काढून चाखायला दिलं. खारट. खाली जमिनीतच खारं पाणी आहे, तिथे विहिरीत पाणी वाढवून शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. पावसाचं गोडं पाणी वरच्यावर शेततळ्यात धरायचं, हे त्याने दोन वाक्यांत सांगितलं. आमच्या ऑफिसात ते कोणाला माहीत नव्हतं असं नाही, पण आराखड्याचा नमुना सगळ्या तालुक्यांना एकच होता.

घरांची वर्गवारी, म्हणजे कोण गरीब, कोण त्याहून गरीब, हे साधन मात्र जपून वापरा. भरसभेत करू नकाच. आपल्या गावांत यादी म्हटलं की लोकांना घरकुल आणि रेशन दिसतं, आणि ते साहजिक आहे. मग प्रत्येक जण स्वतःला गरीब सांगतो, नाहीतर मान खाली घालून निघून जातो. वेगवेगळ्या वस्तीतल्या चार-पाच जाणत्या बायांसोबत, बंद खोलीत, नावांऐवजी घरांच्या चिठ्ठ्या घेऊन करा, आणि चिठ्ठ्या तिथेच फाडून टाका. विधवा बाई, कर्जबाजारी घर, आत्महत्या झालेलं घर ही माहिती आपल्या हातात येते तेव्हा ती फार जबाबदारीने सांभाळावी लागते. विदर्भात ही गोष्ट दोनदा सांगितली तरी कमी आहे.

आता ज्या गावांनी हे नुसतं केलंच नाही, जगून दाखवलं, त्यांच्याकडे बघा. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तुम्हाला माहीत असेल. शंभरेक घरांचं गोंड गाव. "मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आमचंच राज, ही त्यांची घोषणा सगळीकडे पोचली. पण त्यामागची रोजची मेहनत कमी लोकांना ठाऊक आहे. गावातले देवाजी तोफा, त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी तिथे अभ्यास गटाची रीत लावली. एखादा प्रश्न आला की आधी गट बसतो, माहिती गोळा करतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून विचारतो. निर्णय मात्र गट घेत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एक माणूस अडला तरी विषय पुढच्या सभेला जातो. हे वेळखाऊ आहे. पण अशा निर्णयाला नंतर कोणी तोडत नाही. २००९मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते ग्रामसभेकडे आलं. या दोन घटनांच्या मागे अनेक वर्षांच्या बैठका होत्या.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने २०१२मध्ये वनहक्क मिळाल्यावर बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली. जंगल कसं वापरायचं याचे नियम गावाने बसून ठरवले आणि लिहून ठेवले. तेंदूपत्त्याच्या तोडीत झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं, म्हणून तेंदू तोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं. उन्हाळ्यातला रोख पैसा सोडणं गरीब गावाला किती जड जातं, ते तेंदूच्या पट्ट्यात राहिलेल्यालाच कळेल. बाहेरच्या कोणी हे सांगितलं असतं तर गावाने त्याला हाकलून दिलं असतं. स्वतः ठरवलं, म्हणून पाळलं.

उलटं उदाहरणही आपल्याच भागात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव; मालगुजार म्हणजे इथले जुने जमीनदार. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले आणि गावांनी सांभाळले. पाळ कोण दुरुस्त करेल, धानाला पाणी कोणत्या क्रमाने जाईल, मासोळी धिवरांनी केव्हा धरायची, हे सगळं गावात ठरलेलं होतं. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे गेले. मालगुजारी जाणं योग्यच होतं. पण तिच्यासोबत देखभालीची गावची व्यवस्थाही मोडली आणि "तलाव सरकारचा आहे" हे वाक्य रूढ झालं. गाळ साचला, बेशरम नावाचं तण माजलं, पाळी खचल्या. आता काही गावांत धिवर बाया पुढे येऊन बेशरम उपटतात, पाणवनस्पती लावतात, देशी मासोळी परत आणतात. तिथे एकही नकाशा न काढता सहभाग होतो आहे, कारण मासोळी त्यांच्या ताटात येते. तुमच्या गावातल्या बांधाबद्दल हाच प्रश्न विचारा: दोन वर्षांनी पाळ खचली तर गाव कोणाला बोलावेल, तुम्हाला की स्वतःच्या माणसांना?

हिशेबाचं राहिलं. माझ्या मते निम्मा अविश्वास इथेच जन्मतो. समितीच्या खात्यात किती आले, जेसीबीला किती गेले, डिझेल कोणाच्या पंपावरून आलं, हे महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मोठ्याने वाचून दाखवा. फलक लावणं पुरेसं नाही, वाचू न शकणारे बरेच आहेत आणि फलक पावसात पुसतो. बऱ्याच गावांत संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना अजून होते. माणसं जमलेलीच असतात. तिथल्या मंडळींना विचारून प्रार्थनेनंतर दहा मिनिटं घ्या. मात्र लक्षात ठेवा, तिथे न येणाऱ्या वस्तीत जाऊन तेच दुसऱ्यांदा वाचायचं आहे. आमच्या एका गावात हिशेब वाचताना एका पोराने विचारलं, "साडेतीन तास चालला जेसीबी, पाच तासांचं बिल काऊन?" चूक खरी होती. पैसे परत आले. पुढच्या महिन्यात सभेला दुप्पट लोक होते.

तुमच्या गावाबद्दल माझा सल्ला असा. नवा आराखडा करू नका, आहे तो घेऊन परत जा. या पंधरवड्यात मजूर वस्तीत दोन रात्री बसा आणि बायांना नकाशा काढू द्या. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा, जिथे फरक दिसेल तिथली कामं थांबवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा खरी घ्या. आराखड्यातलं एखादं काम लोकांनी नको म्हटलं तर ते खरंच काढून टाका, वरिष्ठांना तसं लेखी कळवा, आणि कळवल्याची प्रत ग्रामपंचायतीत द्या. गावाने "नको" म्हटलं आणि ते झालं नाही, हे एकदा घडलेलं लोकांनी पाहिलं की पुढच्या सभेत ते "हवं" काय ते सांगायला येतात.

आणि नकाशा कागदावर घेऊन ऑफिसात नेण्याआधी तो शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर गेरू-चुन्याने काढून ठेवा, पांदणीसकट. आमच्या त्या गावात भिंतीवरचा नकाशा अजून आहे. दर वर्षी पोळ्याच्या आधी वस्तीतल्या बाया त्यावर नवा गेरू देतात.